सुटली तर पुढची कधी?

सुरुवात झाली ती बाबांच्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या एका व्हिडिओने. लाल रंगाची गाडी डोंगरातून, बोगद्यांतून, कमानींच्या पुलावरून वळणं घेत उतरतेय आणि संपतच नाही. स्वित्झर्लंडमधल्या रेल्वेला १७५ वर्षं झाली म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या ऱ्हेशियन रेल्वेने शंभर डब्यांची, जवळपास दोन किलोमीटर लांबीची प्रवासी गाडी आल्बुला घाटात चालवली होती, तिचा तो व्हिडिओ. आम्ही सगळे "काय सुंदर!" म्हणून मोकळे झालो. बाबांनी तो मध्येच थांबवला. "उतारावर आहे गाडी. म्हणजे प्रश्न ओढण्याचा नाही, ब्रेकचा आहे. सात ड्रायव्हर होते म्हणे. सातही जणांचा ब्रेक एकदम कसा लागला असेल?"

बाबा मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी कर्जत-लोणावळा घाटात बँकरवर काढली. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीच्या मागे लावतात ती ढकलणारी इंजिनं. घरी पाहुणे आले की गप्पा फिरून फिरून चढावर यायच्या. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट, हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला असावा. त्या व्हिडिओनंतर त्यांनी स्वतःच शोधाशोध केली आणि दोन दिवसांनी मला पुण्याला फोन. "अगं, त्याच रेल्वेचा आणखी एक घाट आहे. बर्निना. १४ फुटांना १ फूट! मधे दात्यांचा रूळ नाही, काही नाही, नुसत्या चाकांवर चढते." थोडं थांबून म्हणाले, "आणि डीसी आहे. १,००० व्होल्ट. आपल्याकडे १,५०० होता."

हे 'आपल्याकडे होता' इतक्या मायेने आलं की शेजारी बसलेला नवरा म्हणाला, "चला, दाखवून आणू त्यांना." परदेशवारीचा निर्णय आमच्या घरी इतक्या पटकन पहिल्यांदाच झाला. पुढचे सात महिने मात्र त्याचं भाडं भरत होतो.

आधी सहल कंपन्यांची पत्रकं चाळली. युरोप म्हणजे बस. दहा दिवसांत पाच देश, रोज सकाळी सातला बॅगा बाहेर, आणि रेल्वे म्हणजे एखाद्या दुपारी तासभर 'सीनिक ट्रेन'. आईला हे पसंत होतं, कारण जेवण त्यांचं. बाबांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "म्हणजे घाट बघायला जायचं आणि बसने?" विषय संपला. सगळं आपणच जुळवायचं ठरलं.

मार्ग आखणं हा यातला सगळ्यात मजेचा भाग. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, म्हणून सुरुवात आणि शेवट तिथे. झुरिकहून कूर, तिथून आल्बुला घाटाने पोंट्रेसिना, मग बर्निना ओलांडून इटलीतलं तिरानो, मिलानला गाडी बदलून व्हेनिस, तिथून व्हिएन्ना आणि व्हिएन्नाहून रात्रीच्या गाडीने परत झुरिक. नकाशावर एक वर्तुळ झालं. पोंट्रेसिनाला उतरायचं बाबांनी ठरवलं, आणि कारण खास त्यांचं: आल्बुलाकडून येणारी एसी वीज आणि बर्निनाची डीसी वीज या स्टेशनात एकमेकींना भेटतात. सेंट मॉरिट्झ दोन पावलांवर असताना आम्ही तिथे का राहिलो नाही, हे अजून काही नातेवाइकांना कळलेलं नाही.

मला स्वतःला त्या वर्तुळातली वेगळीच गोष्ट आवडली. बर्निनाच्या माथ्यावर पाण्याची वाटणी होते. उत्तरेकडे पडलेलं पाणी इन नदीतून डॅन्यूबला मिळतं आणि व्हिएन्नावरून जात काळ्या समुद्राला पोचतं. दक्षिणेकडचं पो नदीतून व्हेनिसच्या खालच्या अंगाला एड्रियाटिकमध्ये. म्हणजे आम्ही माथ्यावरून दोन्ही पाण्यांच्या गावांना जाणार होतो. लोणावळ्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडेही अलीकडचा पाऊस इंद्रायणीतून पार बंगालच्या उपसागरात जातो आणि पलीकडचा उल्हासमधून अरबी समुद्रात.

वर्तुळ काढणं सोपं होतं. तिकिटांपाशी घोडं अडलं.

युरोपला रेल्वेने जायचं म्हटलं की भेटेल तो माणूस सांगतो, "पास घ्या." युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो, ३३ देशांत चालतो. त्यात 'प्रवासाचे दिवस' विकत घ्यायचे: महिन्याभरात कुठलेही चार, पाच किंवा सात दिवस. त्या दिवशी मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत हव्या तितक्या गाड्या. साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट. रात्रीची गाडी मध्यरात्रीच्या आत सुटत असेल आणि वाटेत बदलायची नसेल, तर सुटण्याचा एकच दिवस मोजला जातो. ऐकायला झकास. पण इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही जागेचं आरक्षण वेगळं आणि सक्तीचं, रात्रीच्या गाडीत बर्थचे पैसे वेगळे. बेरीज करत गेलो तर पाच दिवसांचा पास माणशी तीनशे युरोच्या वर, आणि वरची आरक्षणं निराळी.

मग सुटी तिकिटं मांडून पाहिली. इथे आपल्या सवयीच्या उलट कारभार आहे. आपल्याकडे भाडं ठरलेलं आणि जागेची मारामारी. आता तर आरक्षणही ६० दिवस आधीच उघडतं. तिकडे लांबच्या गाड्यांचं भाडं विमानासारखं चढत जातं आणि विक्री कित्येक महिने आधी सुरू होते. व्हेनिस-व्हिएन्ना गाडीचं लवकर घेतलेलं तिकीट आणि आयत्या वेळचं तिकीट यांत दुपटीहून जास्त फरक दिसला. आईने सगळं शांतपणे ऐकून विचारलं, "आणि वेटिंग किती आहे?" वेटिंग नसतंच म्हटल्यावर तिला त्या रेल्वेबद्दल थोडा संशयच आला.

स्वित्झर्लंड या सगळ्यात महाग. पण तिथे दिवसाचा एक स्वस्त पास मिळतो, लवकर घेतला तर ५२ फ्रँकपासून, आणि त्या दिवशी देशभर हिंडता येतं. तो धरून, इटलीतल्या साध्या गाडीचं नेहमीचं ठरलेलं भाडं धरून आणि बाकी तिकिटं लवकर घेऊन माणशी बेरीज पावणेतीनशे युरोच्या आत बसली. पास बाद. नवऱ्याला हे रुचलं नव्हतं. "पासात मोकळीक असते. आवडलं तिथे उतरलो, राहिलो." खरंय. पण व्हिसासाठी रोज रात्री कुठल्या छपराखाली झोपणार ते आधी लिहून द्यायचं असतं. मोकळीक तिथेच अर्धी संपते. चोवीस-पंचवीस वर्षांची, पाठीवर पिशवी टाकून निघालेली पोरं असती आणि रोजचा मार्ग रोज ठरवायचा असता, तर मी डोळे मिटून पास घेतला असता.

इथवर सगळं माझ्या एक्सेलमध्ये चाललं होतं. गाड्या, वेळा, बदलण्याची स्टेशनं. एका रविवारी लोणावळ्याला गेले तेव्हा प्रिंट काढून बाबांसमोर ठेवला. कूरला गाडी बदलायला आठ मिनिटं पाहून ते चमकतील असं मला वाटलं होतं. ते चमकले नाहीत. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "ही सुटली तर पुढची कधी?"

"तासाने. दर तासाला याच मिनिटाला आहे."

"मग आठ काय, पाचसुद्धा चालतील. जास्तीत जास्त तासभर चहा पिऊ." मग बोट खाली सरकलं. "आणि ही?"

मी पुढची पानं शोधायला लागले. कारण तो रकाना माझ्याकडे नव्हताच. गाडी बदलायला किती मिनिटं आहेत एवढंच मी पाहिलं होतं. बाबांनी पेन्सिलने उजवीकडे रेघ मारली आणि वर लिहिलं: 'सुटली तर'. पुढचे चार महिने आमचं सगळं नियोजन त्या एका रकान्यावर चाललं.

स्विस वेळापत्रकाची मेख मला तेव्हा कळली. तिथे गाड्या ठरावीक ठोक्याने धावतात. मोठ्या स्टेशनांत चारी बाजूंच्या गाड्या साधारण एकाच सुमाराला येतात, माणसं इकडून तिकडे होतात आणि सगळ्या पुन्हा सुटतात. आठ मिनिटं हा निष्काळजीपणा नव्हे, तीच रचना आहे. बाबांना ही कल्पना भयंकर आवडली. दोन दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की पुणे, दौंड आणि लोणावळा असं बांधलं तर काय बहार होईल.

मिलानला मात्र रकान्याने आम्हाला अडवलं. तिरानोहून साधी गाडी, अडीच तासांची. पुढे व्हेनिसला लागून असलेल्या मेस्त्रेसाठी वेगवान गाडी. मी चाळीस मिनिटं ठेवली होती. "सुटली तर?" "अर्ध्या-पाऊण तासाने दुसरी आहे." "मग ठीक." तेव्हा मलाच खटकलं: पुढची गाडी आहे, पण आमचं स्वस्त तिकीट त्याच एका गाडीचं. दुसऱ्या गाडीला ते चालणार नाही. आणि पहिल्या गाडीचं तिकीट वेगळं काढलेलं, त्यामुळे तिला उशीर झाला तर दुसरीवाला आपली जबाबदारी घेणार नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि रकान्यात आणखी एक उभी रेघ मारली: 'तिकीट चालेल?' मिलानला आम्ही दोन तास ठेवले. सेंट्रल स्टेशनची ती अवाढव्य इमारत पाहायला तेवढे लागतातच.

याच तिरानो-मिलान मार्गाने आमचा महिनाही बदलला. आधी ऑगस्ट म्हणत होतो. पण त्या तारखांना वेळापत्रकात काही टप्प्यावर गाडीऐवजी बसचं चित्र दिसत होतं. रुळांचं काम. "मेगाब्लॉक," बाबा म्हणाले, "सगळीकडे सारखंच." दोन-दोन वेळा सामान चढवणं-उतरवणं आईच्या गुडघ्यांना जमलं नसतं, म्हणून सप्टेंबरचा शेवट धरला. कुणालाही सांगेन: भाडं बघण्याआधी त्या तारखेची गाडी खरंच रुळावरून जातेय का, ते बघा.

सगळ्यात जोरात वाद झाला तो शेवटच्या दिवसावर. व्हिएन्नाहून रात्री साडेनऊच्या सुमाराला निघणारी गाडी सकाळी सव्वाआठच्या आसपास झुरिकला पोचते. विमान दुपारचं. मी आणि नवरा खूश होतो, कारण झुरिकमधली हॉटेलची एक रात्र वाचत होती, आणि तिथली रात्र म्हणजे आपल्याकडचं घराचं भाडं. बाबांनी रकान्याकडे बोट दाखवलं.

"सुटली तर पुढची कधी?"

"बाबा, गाडी सुटणार नाही. व्हिएन्नातच असणार आपण दिवसभर."

"गाडी नाही. विमान. रात्रीची गाडी लेट झाली तर पुढचं विमान कधी?"

"उद्या."

"आणि तिकीट चालेल?"

मी काही बोलले नाही. नवऱ्याने चार तासांचं अंतर आहे, स्टेशनहून विमानतळ दहा-बारा मिनिटांवर आहे, वगैरे सांगून पाहिलं. बाबा त्याच्याशी नेहमीच मऊ बोलतात. "तुमचं बरोबर आहे हो. शंभरातल्या नव्वद वेळा पोचू. पण रात्रीची गाडी तीन देशांमधून येते, वाटेत डबे जोडतात-काढतात. मी रात्री काढल्यात इंजिनात. मला झोप नाही लागायची." आईने प्रश्न सोडवला. "एक रात्र वाढवा. माझ्या पाटल्यांतली एक मोडा वाटल्यास." पाटली मोडावी लागली नाही, पण त्या रात्रीचं भाडं देताना माझा हात जड झाला हे खरं.

त्या जादा रात्रीचा एक फायदा भलत्याच ठिकाणी झाला. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे मागायचा असतो. दिवस सारखे असतील तर जिथून पहिला प्रवेश, त्या देशाकडे. आमच्या रात्री मोजल्या तर स्वित्झर्लंड तीन, इटली तीन, ऑस्ट्रिया तीन आणि एक रात्र गाडीत. नियमाने झुरिकला प्रवेश म्हणून स्वित्झर्लंडच आलं असतं, पण ती गाडीतली रात्र कुणाच्या खात्यात, यावर आमच्या घरात अर्धी संध्याकाळ गेली. बाबांच्या हट्टाने स्वित्झर्लंडच्या चार झाल्या आणि प्रश्नच मिटला.

व्हिसाची बाकी कागदपत्रं सगळ्यांना माहीत आहेत, लांबण लावत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत तो केलेला असावा लागतो. मोठ्या माणसाची फी ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. बाबांनी पेन्शनचे कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणले होते, तारीखवार. बोटांचे ठसे देताना आईचे ठसे उमटेनात. "भाकऱ्या थापून झिजली असतील," असं ती त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाली. चौथ्या खेपेला उमटले.

रेल्वेने जाणाऱ्यांची खरी पंचाईत निराळी आहे. तिकीट स्वस्त हवं तर लवकर घ्या. लवकर घेतलेलं परत होत नाही. आणि व्हिसा मिळेल की नाही ते तर नंतर कळणार. सगळं आधी घेतलं आणि व्हिसा नाकारला तर पैसे पाण्यात. सगळं नंतर घेतलं तर भाडं दुप्पट. आम्ही मधला मार्ग काढला. रात्रीच्या गाडीतला चार बर्थचा कप्पा पहिल्यांदा घेतला, कारण चौघांना एक कप्पा पुरतो, तो एकदा गेला की गेला, आणि त्या रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा म्हणून तेच तिकीट अर्जाला जोडायचं होतं. व्हिएन्नाची गाडीही घेतली, कारण तिचं भाडं रोज चढताना दिसत होतं. बाकी सगळं व्हिसा हातात आल्यावर. हॉटेलं फुकट रद्द होणारीच घेतली. अर्जासोबतच्या तक्त्यात दहाव्या रात्रीसमोर मी लिहिलं: 'निवास: रेल्वेचा डबा'. कुणी काही विचारलं नाही.

चुकाही झाल्या. पैसे भरताना कार्ड तीनदा नाकारलं गेलं. बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आपणच चालू करायचे असतात, हे मला चौथ्यांदा कळलं, तोवर कप्प्याचं भाडं वीस युरोंनी चढलं होतं. दुसरी चूक मोठी होती. झुरिकची जादा रात्र मी व्हिएन्ना सोडण्याच्या तारखेची घेतली. तक्ता तपासताना बाबा म्हणाले, "या रात्री तर आपण गाडीत आहोत. मग झुरिकच्या खोलीत कोण झोपणार आहे?" रात्रीच्या गाडीने तारीख बदलते. रेल्वेवाल्याच्या मुलीने ही चूक करावी!

एक निर्णय मात्र आम्ही सगळ्यांच्या सल्ल्याविरुद्ध घेतला आणि तो आजही मला सगळ्यात बरोबर वाटतो. बर्निनावर काचेच्या छपराची प्रसिद्ध गाडी धावते, बर्निना एक्सप्रेस. आरक्षण सक्तीचं, वर जादा आकार. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून दर तासाला साधी गाडीही जाते. तिला आरक्षण लागत नाही, कुठेही उतरा, पुढच्या तासाला पुन्हा चढा. आणि तिच्या जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडतात. ही शेवटची ओळ वाचल्यावर बाबांनी पुढे काही वाचलं नाही. "बंद काचेतून घाट काय बघायचा? घाट ऐकायचा असतो."

राहिलं सामान. तिकडे हमाल नाही आणि काही ठिकाणी डब्याला दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. नियम केला: प्रत्येकाची एकच छोटी बॅग, आणि ज्याची त्याने उचलायची. आईची बॅग पहिल्या भरणीत तेरा किलो झाली. मेतकूट, खाकरे, दोन प्रकारच्या चटण्या, एक इलेक्ट्रिक किटली. बाबा म्हणाले, रंगीत तालीम करू. एका मंगळवारी दुपारी दोघं भरलेल्या बॅगा घेऊन लोणावळा-पुणे लोकलने माझ्याकडे आले, आणि आईने शिवाजीनगरला उतरताच जाहीर केलं की किटली घरी राहील. तालमीनंतर बॅग साडेआठ किलोवर आली. चटण्या मात्र राहिल्या.

प्रवास कसा झाला हे लिहायला बसले तर दुसरा लेख होईल. थोडंच सांगते.

कूरला आठ मिनिटांत गाडी बदलली. समोरच्याच बाजूला नव्हती, जिना उतरून चढून जावं लागलं, तरी दोन मिनिटं उरली. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली, जणू ती गाडी त्यांनीच वेळेवर आणली होती. दुसऱ्या दिवशी पोंट्रेसिनाहून नुसतं घाटात खाली-वर केलं. २,२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निनाला उतरलो तर सप्टेंबरातच वारा हाडात शिरत होता आणि समोर दुधट रंगाचं सरोवर. आईने शालीतून हात बाहेर न काढताच विचारलं, "ही सुटली तर पुढची कधी?" तासाने, म्हटल्यावर निश्चिंत होऊन बाकावर बसली. तिरानोकडे उतरताना ब्रुसिओला गाडी मोकळ्या रानात कमानींवरून पूर्ण गिरकी घेऊन स्वतःच्याच पुलाखालून जाते. सगळा डबा मोबाइल घेऊन एका बाजूला. बाबा दुसऱ्या बाजूच्या उघड्या खिडकीत, डोळे मिटून. मी विचारलं, बघत का नाही? "ब्रेक ऐकतोय," म्हणाले. "विजेचा ब्रेक आहे. चाकाला हातही लावत नाहीये."

व्हिएन्नाच्या वाटेवर सेमरिंगचा घाट लागला. १८५४ साली तो पुरा झाला. बांधायला घेतला तेव्हा असा चढ चढेल असं इंजिनच तयार नव्हतं, त्यासाठी १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा घ्यावी लागली. आपला बोरघाट १८६३ चा, आणि चढ साधारण तसाच. बाबांनी ही माहिती समोरच्या सीटवरच्या ऑस्ट्रियन आजोबांना दिली. मराठी-हिंदी-इंग्रजी मिश्रणात, हाताने चढ दाखवत. आजोबांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी पिशवीतलं सफरचंद काढून दिलं.

रात्रीच्या गाडीत चार बर्थ, चादरी, उशा, आतून कडी, सकाळी चहा-पाव. आईला आपल्या थ्री टियरपेक्षा बर्थ अरुंद वाटले. मला गाढ झोप लागली. बाबा मधूनमधून उठून खिडकीतून स्टेशनांची नावं बघत होते, हे पहाटे कळलं.

सव्वाआठच्या सुमारास झुरिक. एक मिनिटही उशीर नाही. दुपारचं विमान सहज मिळालं असतं, कॉफी पिऊनसुद्धा. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आईने दुसरीकडे. हॉटेलची खोली तीननंतर मिळणार होती. बॅगा लॉकरमध्ये टाकल्या आणि मी म्हटलं, आता इतका वेळ करायचं काय?

बाबा फलाटावरच्या बाकावर बसले होते, मांडीवर तो तक्ता. शेवटच्या ओळीत 'सुटली तर'च्या रकान्यापुढे त्यांनी पेन्सिलने लिहिलं, 'राइट टाइम'. मग समोरच्या फलाटांकडे हात करून म्हणाले, "करायचं काय म्हणजे? सगळीकडून गाड्या येतायत. बसा की."

साडेदहापर्यंत आम्ही चौघं तिथेच बसलो होतो. आईने चटणीची शेवटची पुडी उघडली.